पहिला नंबर भिंतीपाशी

माझं अंग जन्मापासून मऊ. हाडं शाबूत, ताप नाही, पोलिओ नाही. स्नायूंनाच ताठपणा कमी, असं नगरच्या डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं. पाठीला टेकू नसला की मी घसरत खाली यायचे. गावाने मात्र सोपा शब्द काढला, आळशी. दोन रट्टे द्या म्हणजे ताठ बसेल, असा सल्ला फुकट देणारे तर पुष्कळ भेटले.

श्रीगोंदा तालुक्यातल्या आमच्या शाळेत बाक नव्हते. आम्हाला बसकरपट्ट्या आणि गुरुजींना एक खुर्ची, तीही फळ्यापुढे मधोमध. परीक्षा झाली की नंबराप्रमाणे बसवायचे. पहिला नंबर खुर्चीच्या बरोबर समोर, मग दुसरा, तिसरा, असं करत नापास झालेली मुलं मागच्या भिंतीला. त्या भिंतीला सगळे ‘ढ भिंत’ म्हणत. मला टेकायला भिंत हवी म्हणून मी पहिलीपासून तिथेच बसले आणि न विचारताच ढ ठरले.

तिसरीच्या सहामाहीत माझा पहिला नंबर आला. लिहिताना माझी बोटं लवकर दमायची, म्हणून गुरुजींनी उत्तरं तोंडी घेतली होती. त्यांचं तेवढं चांगलं मी मान्य करते. पण निकालाच्या दिवशी त्यांनी मला खुर्चीसमोर बसवलं आणि कविता निम्मी व्हायच्या आत मी शेजारणीच्या मांडीवर कोसळले. वर्ग खो खो हसला.

गुरुजी म्हणाले, “जमत नसेल तर मागे जा. पण जागा सोडली की नंबर गेला.”

मला असा राग आला की आज लिहितानाही येतो. मी म्हटलं, “मी म्होरल्या रांगंत डाव्या भितीला बसते. नंबर तितून मोजा.”

“पहिला नंबर खुर्चीसमोर. रीत आहे ती.”

दुसऱ्या दिवशी आई शाळेत आली. दुष्काळी कामावर खडी फोडायला निघाली होती, पाटी-हातोडा दाराशी ठेवून सरळ वर्गात शिरली. “गुर्जी, पोरीच्या पाठीला टेकू लागतोय, डोक्याला न्हाई.”

“बाई, एकीला भिंत दिली की उद्या सगळेच मागतील.”

“मागू द्या की. चार भिती हायेत.”

गुरुजी ऐकेनात. मी मागे गेले आणि दुसऱ्या नंबरची मुलगी खुर्चीसमोर बसली. हजेरी नंबराने व्हायची. गुरुजींनी “पहिला नंबर?” म्हटलं की ती “हजर” म्हणायची आणि मागून मीही म्हणायचे, तिच्यापेक्षा मोठ्याने. गुरुजींनी डोळे वटारले, मी थांबले नाही. शेवटी त्यांनी मला उभं केलं. मी भिंतीला धरून उभी राहिले, मग गुडघ्यांनी दगा दिला आणि बसकण मारली. खालूनच पुन्हा म्हटलं, “हजर.” या वेळी कोणी हसलं नाही. भीती वाटत होती, नाही असं नाही. शाळेतून नाव काढून टाकलं असतं तर आईबरोबर खडी फोडायला जावं, तेवढं बळही माझ्या हातात नव्हतं. पण परीक्षा मी दिली होती, तो नंबर दुसऱ्याच्या घशात कसा घालू देणार?

आठवडाभर हे चाललं. मग एका सकाळी आम्ही वर्गात गेलो तर खुर्ची मधोमध नव्हती. गुरुजींनी ती डाव्या भिंतीजवळ नेऊन ठेवली होती आणि ते पेपर वाचत बसले होते. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “पहिला नंबर खुर्चीसमोर. रीत आहे ती.”

मी पुढे जाऊन डाव्या भिंतीला पाठ लावली. जरा मान वळवली की फळा दिसत होता. दुसरा नंबर माझ्याशेजारी सरकला. हजेरी सुरू झाली आणि मी सगळा जोर लावून “हजर” म्हणाले.

“अगं, हळू,” गुरुजी म्हणाले, “आता समोरच बसलोय मी.”

वर्ष संपेपर्यंत मी हळू म्हटलं नाही.