जावयाने बांधलेलं कथीड्रल

लंडनमधलं रशियन कथीड्रल झारने बांधलं, असं मी सासऱ्यांना ठणकावून सांगितलं. वाचलेलं काहीच नव्हतं.

सासरे निवृत्त इतिहासशिक्षक. आमच्या लग्नाला त्यांचा विरोध होता, आणि कारण एकच: "मुलगा बोलतो फार." लग्नानंतर ते पहिल्यांदाच आमच्याकडे लंडनजवळ वॉटफर्डला आले होते. बायकोने सकाळी बजावलं होतं, "बाबांचं मत बदलायची ही एकच संधी आहे. माहीत नसेल तिथे गप्प बस." माहीत नाही म्हणून गप्प बसायचं, तर मी आयुष्यात बोललो असतो कधी?

आत बसायला बाकं नव्हती. लोक उभ्यानेच प्रार्थना करत होते, संतांच्या तसबिरींवर ओठ टेकवत होते. सासरे मात्र भिंतीवरच्या संगमरवरी पाट्या वाचत होते.

"जावईबापू, ही नावं इंग्रज पाद्र्यांची दिसतात."

"झारचे मित्र, बाबा."

"इतके?"

"माणसं जोडून होता झार."

"असं होय," ते म्हणाले. जिंकलो, असं मला वाटलं. तेव्हा खिशातल्या फोनवर काही शोधता येत नसे, हेही माझ्या पथ्यावरच होतं.

मग ते मेणबत्त्या विकणाऱ्या रशियन आजीबाईंकडे गेले आणि इंग्रजीत त्यांनी विचारलं, "हे झारने बांधलं ना?"

आजीबाई हसत सुटल्या. इमारत मुळात इंग्रजांची. त्यांचे भाविक रोडावले आणि चर्च ओस पडलं. झारची सत्ता उलथल्यावर पळून आलेली माणसं, आजीबाईंचे आईवडील त्यांतलेच, आधी कुणाकुणाच्या उसन्या खोल्यांत प्रार्थना करायची. पुढे त्यांना ही वास्तू मिळाली. वेदीपुढची तसबिरींची भिंतसुद्धा त्यांनीच नंतर उभारली.

"झार टिकला असता तर आम्ही इथे कशाला आलो असतो?" आजीबाई म्हणाल्या. "कोणी सांगितलं तुम्हाला हे?"

मी छताचं बारकाईने निरीक्षण करू लागलो.

"कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं," सासरे शांतपणे म्हणाले.

बाहेर आल्यावर मी अगदी भारावून म्हणालो, "बाबा, तुम्ही माझी लाज राखलीत."

"चारचौघांत जावयाला मूर्ख म्हणू नये, अशी आपल्यात रीत आहे." त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नीट पाहून घेतलं. "आता कोणी नाही. तुम्ही मूर्ख आहात."