नावाची राखण

"काहून पाहिजे?"

कोणी कागद मागितला की बाई आधी हे विचारत. मागणारे मुख्याध्यापक असोत की शिरगणतीला आलेला माणूस, सूर तोच. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. थोडे दिवस सोबत काम करून पाहा, जीव कसा मेटाकुटीला येतो ते कळेल.

उत्तर नागपुरातल्या एका शाळेत बाई आणि मी शिकवत होतो. एकदा मुख्याध्यापकांनी सर्वांचे दाखले मागितले. बाईंनी नक्कल दिली, तीही मधोमध तिरपी रेघ मारून, रेघेवर 'फक्त सेवापुस्तकासाठी' असं लिहून.

"बाई, अस्सल द्या. कारकून पाहून परत करेल."

"त्याले इथं बोलवा. माझ्यासमोर पाहू द्या."

"अहो, मी तुम्हाला रोज पाहतो!"

"पाहता ना, सर? मग कागद काहून पाहिजे?"

मुख्याध्यापकांनी चष्मा काढून डोळे चोळले.

सहीचं तर विचारूच नका. कोणाला नक्कल करता येऊ नये म्हणून बाईंनी ती इतकी लांब आणि वेलांट्यांची केली होती, की पगाराच्या दिवशी आम्ही मागे ताटकळत असू. एकदा त्यांचं नाव असलेलं रिकामं पाकीट मी टोपलीत टाकलं. बाईंनी ते सगळ्यांदेखत बाहेर काढलं.

"सर, तुमचं नाव चोरीले गेलं असतं ना, तर समजलं असतं."

त्यांचं गेलं होतं.

आमच्याकडे येण्याआधी त्यांनी एका कचेरीत नोकरीसाठी अर्ज केला होता. तिथलं कपाट फोडून कोणीतरी उमेदवारांच्या दाखल्यांचा गठ्ठाच नेला. बाईंचं मॅट्रिकचं सर्टिफिकेट त्यातच होतं. कचेरीने कोणाला कळवलं नाही. बाई स्वतः चौकशीला गेल्या तेव्हा, "दुसरी प्रत काढा, त्यात काय एवढं," म्हणून वाटेला लावलं. त्यांनी प्रत काढली आणि आमच्या शाळेत लागल्या. कायम व्हायची वेळ आली, तेव्हा वरच्या कार्यालयाने कळवलं, की याच नावाची, याच जन्मतारखेची, याच सर्टिफिकेटची बाई पारशिवनीकडच्या एका शाळेत आधीपासून शिकवते आहे. मग तुम्ही कोण?

बाई या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरल्या. प्रत्येक जण पुरावा मागे, आणि जो पुरावा दाखवावा तो त्या दुसरीकडेही असे.

"मी म्हणजे मीच, हे कोणत्या खिडकीवर लिहून भेटते, सर?" त्या मला विचारत.

शेवटी वरच्या कार्यालयातल्या साहेबांनी दोघींना समोर बोलावलं. बाईंना ओळखणारा म्हणून मी सोबत गेलो. शिपायाने नाव पुकारलं आणि दोघी एकदम उभ्या राहिल्या.

ती दुसरी तरुण होती, मान खाली. वडिलांचं नाव, जन्मतारीख, परीक्षेचं केंद्र, सगळं तिने पाढ्यासारखं म्हणून दाखवलं. आमच्या बाई मात्र इतक्या संतापल्या होत्या, की केंद्राचं नाव सांगताना अडखळल्या. साहेबांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं.

"साहेब, मले एक विचारू द्या," बाई म्हणाल्या आणि तिच्याकडे वळल्या. "हे नाव तुले कोणी ठेवलं वं?"

"मायनं... बारशाले."

"बारशातलं माझं नाव दुसरंच होतं. धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी माझे बाबा म्हणाले, आता नवं नाव घे, तुझं तूच निवड. मी निवडलं. आमच्या वस्तीतली, इंदोऱ्यातली म्हातारी माणसं अजून सांगतील." त्या साहेबांकडे वळल्या. "मले हे नाव कोणी ठेवलं नाही, साहेब. मी घेतलं."

त्या मुलीने पदरात तोंड लपवलं. ती विधवा होती, मॅट्रिकला नापास झालेली. दिराने कुठूनतरी ते सर्टिफिकेट मिळवून तिला नोकरीला लावलं होतं. इंदोऱ्यातल्या वडीलधाऱ्यांनी येऊन साक्ष दिली. बाई कायम झाल्या, दिराला पोलिसांनी धरलं, तिची नोकरी गेली.

परतीच्या एसटीत मी म्हणालो, "सुटलो एकदाचे."

"चांगली शिकवत होती म्हणते तिच्या शाळेतला शिपाई," बाई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या. "मले तिचा राग येते, सर. अन् तिले काढलं त्याचाही येते."

बाई आता नाहीत. त्यांची आठवण आली की मला जूनमधली एक दुपार दिसते. ती मुलगी शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. आत यायला धजेना. पुन्हा परीक्षेला बसून ती पास झाली होती. बाईंनी तिच्या हातातून सर्टिफिकेट घेतलं, त्यावरचं तिचं नाव मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "जेवली का वं?"

तिने मानेनेच नाही म्हटलं. बाईंनी आपला डबा उघडून तिच्यापुढे सरकवला. ती भाजीत बोटं बुडवून खाऊ लागली, आणि तेलाचा डाग पडू नये म्हणून बाई तिचं सर्टिफिकेट दोन्ही हातांनी उंच धरून उभ्या राहिल्या.