घेणाऱ्याच्या दारात निर्मलाताई

निर्मलाताई गेल्याचं कळलं तेव्हा मी अंबडच्या आमच्या कारखान्यात गाड्यांच्या वायरी जोडत बसले होते. पाळीत मोबाइल जवळ ठेवता येत नाही, म्हणून ताईंच्या मुलीने, मनीषाने ऑफिसात फोन केला आणि सुपरवायझर स्वतः आमच्याकडे आले. त्यांच्या तोंडाकडे बघूनच आम्ही समजलो. एरवी जरा काम थांबलं की कारखाना डोक्यावर घेणारे सुपरवायझर त्या दिवशी स्वतःच म्हणाले, काम थांबवा... बायका रडायला लागल्या. मला मात्र रडू येईना. मला राग आला. एवढं सगळं करून शेवटी नेलंच ना तिला! कुणावर चिडले होते, देव जाणे.

ताई आमच्यातल्या सगळ्यात जुन्या. कुणाच्या घरी आजारपण आलं, कुणाचा कर्ता माणूस गेला, की पगाराच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या एक कापडी पिशवी घेऊन सगळ्यांपुढून फिरायच्या. जमेल ते मूठ झाकून आत टाकायचं. ज्याला जमणार नाही त्यानेही रिकामी मूठ पिशवीत घालायची, म्हणजे कुणी दिलं नि कुणी नाही हे कुणालाच कळायला नको. साहेबसुद्धा तसेच मूठ घालून जायचे. "झालं? आता डबे उघडा, भाज्या गार झाल्या," एवढंच ताईंचं भाषण.

माझ्या घरी त्या आल्या तो रविवार मी कशी विसरेन? आमचे हे रंगकाम करतात. परांचीवरून पडले, कमरेचं हाड मोडलं, आणि सासर-माहेर दोन्हीकडच्यांनी "बघू काय होतंय" म्हणून फोन ठेवले. पोरांना शाळेतून काढावं लागेल असं मी मनाशी धरूनच चालले होते. तरी तोरा केवढा माझा! दारात ताईंना बघून म्हणाले, "आमचं बरं चाललंय हो." त्या म्हणाल्या, "चालू दे की. मला चहा तर पाजशील? साखर जरा सढळ हाताने घाल." चहा घेता घेता त्यांनी माझी मेथीची जुडी निवडून दिली, ह्यांची थट्टा केली, "भिंत रंगवायची सोडून उड्या कसल्या मारता?" आणि जाताना पिशवीतल्या पैशांचं पाकीट तांदळाच्या डब्यावर ठेवलं, चष्मा काढून ठेवावा तितक्या सहज. दुसऱ्याच दिवशी माझी एक जोडणी चुकली, तर सगळ्यांदेखत मला अशी झापली म्हणता! मला इतकं बरं वाटलं... म्हणजे माझी कीव येत नव्हती त्यांना. ह्यांचं ऑपरेशन झालं, पोरांची शाळा सुटली नाही, हे पुन्हा शिडीवर चढले.

आणि मग ताईंच्याच पोटात गाठ निघाली. ऑपरेशन सरकारी योजनेत बसलं. पण बाहेरून आणायची औषधं, तपासण्या, रिक्षा, बुडालेला पगार हे कुठल्या योजनेत बसतं? नवरा कधीच गेलेला, मनीषा नर्सिंग शिकत होती. आम्ही पिशवी फिरवली आणि सगळ्यांच्या वतीने मी सिडकोतल्या त्यांच्या घरी गेले. मनीषाने मला स्वयंपाकघरात ओढून हळूच सांगितलं, "मावशी, आई केमोच्या सलाईनची तारीख पुढे ढकलतेय. पैसे नाहीत म्हणून. डॉक्टर ओरडतात." मी बाहेर येऊन पाकीट पुढे केलं तर ताईंनी हात पदराखाली घेतला. "सुरेखे, ठेव ते तुझ्याकडेच. उद्या लोक म्हणतील, हिने स्वतःसाठीच पिशवी काढली होती. मग कुणी मूठ घालायचं नाही त्यात."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "मग आम्ही घेतलं ते काय होतं, ताई? भीक होती? तुम्ही देणार, आणि आम्ही तेवढे हात पसरणारे, असंच ना?" आजारी माणसाशी असं बोलतं का कुणी? पण बोलले. ताईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसलंही नाही. मग पदराखालचा हात बाहेर आला... त्यांनी पाकीट घेतलं.

त्यानंतर सलाईन वेळेवर लागलं. आम्ही पाळीपाळीने सोबतीला जायचो, त्या नर्सलासुद्धा हसवायच्या. मला खात्री होती, आता ताई उठणार. नाही उठल्या. काही महिने मिळाले, तेवढेच. शेवटच्या भेटीत त्यांना धड बोलवत नव्हतं. मला जवळ बसवून म्हणाल्या, "घेणं इतकं जड असतं होय गं? माहीत असतं तर मी तुमच्या दारात अजून हळू आले असते..." मला काहीतरी म्हणायचं होतं. त्यांना पाणी पाजायला उठले आणि राहून गेलं. आता कुणाला सांगू?

परवा पिशवीतल्या पैशांचं पाकीट घेऊन सिन्नरला गेले होते. आमच्यातल्या एकीचा नवरा अचानक गेला, पदरात लहान पोर. तिच्या घरासमोर पोचले. उंबऱ्याबाहेर तशीच उभी राहिले. ही पाकिटाला हात तरी लावेल का? मी तोंड उघडून चुकीचं काही बोलून बसले तर? आतून तिने मला पाहिलं. डोळे पुसत, पोराला कडेवर घेऊन ती दाराशी आली.

"या ताई, आत या. बाहेरच का उभ्या राह्यल्या?"

'ताई' ऐकून मी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.