दोरीवरचा शर्ट

गल्लीत तिला ‘चौकशीखातं’ म्हणत. तोंडावर नव्हे अर्थात. सगळ्यांचे कपडे तिच्या ताब्यात, तोंडावर म्हणायची कोणाची छाती? तिचं धुलाई-इस्त्रीचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. लांबलचक टेबल, भिंतीला दोरी आणि टेबलाखाली चादरींच्या गठ्ठ्यांत संसार मांडून बसलेली तिची लेक, चिमी. आलेला प्रत्येक कपडा ती आधी फाडकन झटकायची, मग वास घ्यायची, मग खिसे उलटे करायची. सिगारेट सोडल्याच्या थापा कोण मारतो, आजारपणाची रजा काढून कोण कुठे भटकून आलं, सगळं तिला कॉलरवरून कळायचं. आणि कळलेलं पोटात ठरायचं नाही, हेही खरं.

अशा बाईच्या नवऱ्याने कामाचे कपडे घरी आणायचं बंद केलं, म्हणजे काय झालं असेल बघा.

नवरा छतं बसवणारा आणि काढणारा. हाताने चपळ, तोंडाने घुम्या. पूर्वी डोक्यापासून पायापर्यंत पांढरा होऊन यायचा आणि दारातच बोलणी खायचा. जुन्या वसाहतीतलं नवं काम लागल्यापासून मात्र तो न्हाऊनच घरी यायला लागला. केस ओले, अंगाला साबणाचा वास, आणि तोही घरच्या साबणाचा नव्हे. कामावर घालायला नेलेले जुने शर्ट तर परत आलेच नाहीत.

“अंघोळ कुठे करता?”

“तिथेच.”

“तिथे म्हणजे कोणाकडे?”

“कामावर.”

“कामावर अंघोळ कोण घालतं हो तुम्हाला?”

यावर तो हसला. हसला म्हणजे नक्कीच कुठेतरी पाणी मुरतंय, असं तिने ठरवून टाकलं. पण रागापेक्षा भीती जास्त होती. या माणसासाठी तिने माहेर तोडलं होतं. तोच हातचा गेला तर पोरीला घेऊन जायचं कुठे, हा घोर तिच्या जिवाला लागला.

एका दुपारी विसरलेल्या डब्याचं निमित्त करून, चिमीला शेजारणीकडे सोडून ती वसाहतीत जाऊन थडकली. घर सापडलं, पण खिडक्यांना आतून प्लॅस्टिक, दाराच्या फटींना चिकटपट्टी, वर ‘आत येऊ नये’ अशी लाल पाटी. दिवसाढवळ्या असं दडून कोण काम करतं? बाजूला ताडपत्रीची न्हाणी, आणि तिच्याशेजारी जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या. एकीचं तोंड बांधायचं राहिलं होतं. त्यातून निळ्या चौकड्यांचा शर्ट डोकावत होता. बटणाला तपकिरी दोरा, तिच्याच हातचा. नुसती बाही उसवली म्हणून एवढा धडधाकट शर्ट कोणी टाकतं? काहीतरी लपवायचं असल्याशिवाय नाही. तिने तो ओढून काढला, डब्याच्या पिशवीत कोंबला आणि चिमीला घेऊन तडक घर गाठलं.

टेबलापाशी उभी राहून तिने शर्ट झटकला. पुन्हा झटकला. वास घेतला. अत्तर नाही, केस नाही, काही नाही. उन्हाच्या तिरिपेत नुसती करडी भुकटी तरंगत राहिली. टेबलाखालून चिमीने हात बाहेर काढला आणि म्हणाली, “आई, पीठ!” तिने लक्ष दिलं नाही. पुरावा म्हणून शर्ट दोरीवर टांगला आणि वाट बघत बसली.

नवरा आला तो उंबऱ्यावरच थबकला. “हा इथे कसा?”

“आधी तुम्ही सांगा, तो तिथे कचऱ्यात कसा?”

“झटकलास?”

प्रश्न विचारायची तिला सवय, उत्तरं द्यायची नव्हती. “नाही,” ती म्हणाली.

त्याने श्वास सोडला. पंखा बंद केला, तिचीच इस्त्रीची फवाऱ्याची बाटली घेऊन शर्ट चिंब केला आणि एका पिशवीत बांधून ती दुसऱ्या पिशवीत घातली. आणि हा घुम्या माणूस लग्नानंतर पहिल्यांदाच एवढं बोलला.

“त्या छतांचे पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे आहेत. धड असतात तोवर त्यांना हात लावायचा नाही, खिळाही ठोकायचा नाही. हे तडकलेत, म्हणून काढायचे. तेही पाणी मारून, न मोडता, प्लॅस्टिकात गुंडाळून. त्याची धूळ डोळ्याला दिसेलच असं नाही, पण छातीत गेली की बसते ती बसतेच. दुखणं उठतं वीस-तीस वर्षांनी. आज माझा वरचा पोशाख फाटला, धूळ शर्टावर आली, म्हणून तो टाकला. तुम्हा दोघींच्या नाकात जाऊ नये म्हणून तर तिथे न्हाऊन येतो.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर कामावर जाऊ दिलं असतंस?”

नसतंच दिलं.

“झटकला नाहीस हे फार बरं केलंस,” तो म्हणाला.

आता तिने गप्प बसायचं, एवढंच बाकी होतं. नवरा तिचाच होता, खोटं पचलंही होतं. पण टेबलाखाली चिमी करड्या बोटाने चादरीवर रेघोट्या ओढत होती.

“झटकला,” ती म्हणाली. “दोनदा. चिमी खालीच होती.”

तो ओरडला असता तर तिला सोसलं असतं. चिमीला उचलून त्याने दोघींना शेजारणीकडे डोक्यावरून न्हायला पाठवलं. स्वतः तोंडाला मास्क बांधून, दार लावून, खोली कोपऱ्याकोपऱ्यातून ओल्या फडक्याने पुसत राहिला. केरसुणीला हात लावला नाही. चादरी, फडकी, दोघींचे कपडे, सगळं ओलं होऊन पिशव्यांत गेलं.

“भलत्या वेळी अंघोळ?” शेजारणीने तिच्या ओल्या केसांकडे बघत विचारलं. “काय भानगड आहे?” चौकशीखातं खाली मान घालून चिमीचे केस पुसत राहिलं.

दार उघडल्यावर तिने नवऱ्याला गाठलं. “चिमीला काही होणार नाही ना?”

“एकदाच्याने नाही होत. बहुतेक.”

“बहुतेक म्हणजे?”

“बहुतेक.”

नवऱ्यावरचा संशय त्या दिवशी फिटला. पण अजून चिमी साधी ठसकली तरी तिच्या हातातली इस्त्री जागच्या जागी थांबते, आणि कोणाचा तरी शर्ट करपतो.