टाकीच्या टेकडीचा उतार

प्रेमदास थूलने सत्तावीस वर्षं पिंपळटेक गावाला पाणी सोडलं, पण नळाला पाणी येताना कसं दिसतं हे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. पाणी यायचं सकाळी सहाला, आणि सहाला हा माणूस टाकीच्या टेकडीवर. तो सायकलवरून खाली येईस्तोवर बायांच्या गुंड-बादल्या भरून झालेल्या असत आणि त्याच्या अंगणातल्या नळाखाली नुसती ओल उरलेली असे. त्याची बायको भागीरथा त्यावरून त्याला चिडवायची की गावाचं पाणी तुमच्या हातात, पण घरची बादली कधी लावली नाही. तो हसायचा. सकाळी सहाला घरी नसणं हीच त्याची मिजास होती.

पिंपळटेक गिरडच्या अलीकडे, टेकड्यांच्या पायथ्याशी आहे. टाकी वर, गाव खाली. मधला रस्ता मैलभराचा, तीन वळणांचा, आणि रस्त्याच्या कडेने नालीतून पाइपलाइन उतरते. वर पोचलं की टाकीचा वाल उघडायचा. तो एकदम उघडायचा नाही. आधी तीन आटे फिरवायचे, एक बिडी ओढून होईपर्यंत थांबायचं म्हणजे पाइपातली हवा निघून जाते, आणि मग उरलेले आटे. परतताना दुसऱ्या वळणावर, मोहाच्या झाडाखाली, प्रेमदास पायडल मारणं थांबवायचा. चेनचा खडखडाट बंद व्हायचा, सायकल आपली उतारावर घसरत असायची, आणि हा मान वाकडी करून पाइपाकडे कान द्यायचा. पाणी नीट चाललं असेल तर रवंथ करणाऱ्या गाईसारखा संथ आवाज यायचा. हवा अडकली असेल तर ठोके पडायचे. ठोके ऐकू आले की स्वारी पुन्हा वर. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं आणि त्यानेही कोणाला सांगितलं नव्हतं.

त्याच्या आजीच्या काळी याच गावात त्यांच्या माणसांना विहिरीला हात लावता येत नसे. आजी कठड्यापासून दहा हात दूर रिकामं मडकं ठेवून बसायची. कोणाला दया आली तर तो वरून ओतायचा, नाही आली तर दुपार व्हायची. छप्पन साली सगळी वस्ती दीक्षा घेऊन आली, पुढे वस्तीला तिची विहीर मिळाली, मग नळ आले, आणि एके दिवशी गावच्या पाण्याची चावी त्याच बाईच्या नातवाच्या खिशात आली. प्रेमदास हे कधी बोलून दाखवत नसे. पण रोज वाल फिरवताना ते त्याच्या मनात असायचं, आणि त्याची मान जरा ताठ व्हायची. एवढा ताठा माणसाला असावाच.

दिवाळीनंतरच्या थंडीत तो आंघोळीला बसला आणि बसल्या जागी डावीकडे कलंडला. लकवा. अठरा दिवस वर्ध्याच्या दवाखान्यात, मग मालिश आणि व्यायामासाठी हिंगणीला काजलच्या, म्हणजे लेकीच्या घरी. संक्रांत झाल्यावर तो पिंपळटेकला परतला तेव्हा वाचा परत आली होती, हातही आला होता. पाय मात्र अर्धाच आला. जमिनीवर ठेवला की राहायचा, पण उचल म्हटलं की पाय आधी विचार करायचा.

मधल्या काळात सरपंच मधुकररावांचा पुतण्या वैभव मोटरसायकलवर जाऊन पाणी सोडत होता. तीस वर्षांचा, हसतमुख, कामाला वाघ. प्रेमदास आला त्या संध्याकाळी तो केळी घेऊन भेटायला आला, जयभीम काका म्हणाला, तुम्ही बिनघोर आराम करा म्हणाला. त्याच्यात काही खोट काढता येत नव्हती, आणि याच गोष्टीने प्रेमदासचं पित्त खवळलं. चिडायला काही कारण तरी द्यावं ना माणसाने.

दुसऱ्या दिवसापासून तो पहाटे साडेपाचला काठी टेकत घराबाहेर पडू लागला. भागीरथाला वाटलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून जातात. खरं कारण वेगळं होतं. आपण न सोडलेलं पाणी आपल्या नळाला आलेलं त्याला बघायचं नव्हतं. सहाच्या आत गावाबाहेर जायचं आणि सातनंतर यायचं. एकदा त्याने टेकडीही पायी चढून पाहिली. वर पोचायला सव्वा तास लागला. वर गेल्यावर पाय असे कापू लागले की टाकीच्या पायरीवर बसूनच राहिला, आणि शेवटी वैभवने त्याला मोटरसायकलवर मागे बसवून खाली आणलं. रस्त्यात वैभव चांगलंचुंगलं बोलत होता.

मग मधुकररावच घरी आले. चहा झाला, हवापाण्याच्या गोष्टी झाल्या.

"प्रेमदासभाऊ, मले तुमचं काम काढाचं नाई," ते म्हणाले. "पण उन्हाळा लागला की दोन टाइम पाणी सोडा लागते. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी एकट्यानं वर जा, पाणी सोडा अन् एकट्यानं खाली या. जमलं तं काम तुमचं. नाई जमलं तं वैभवचं नाव लावा लागन."

यात अन्याय काहीच नव्हता. प्रेमदासने मान हलवली.

सायकल त्याला येत होती, पण डावा पाय पायडल वर आणू शकत नव्हता. पायडल खाली गेलं की पाय तिथेच झोपायचा. गिरडच्या बाजारात मोतीलालचं सायकलचं दुकान होतं, सत्तरीचा माणूस, हात अजून काळेच. त्याने प्रेमदासला पाय हलवून दाखवायला लावलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाला की मागची फ्रीव्हील जाम करून टाकू. पूर्वी बाजारात सात-सात दिवस सायकल चालवून दाखवणारे यायचे. सायकल उलटी चालवायचे, जागच्या जागी उभी ठेवायचे. त्यांची फ्रीव्हील मोतीलालचा बाप जाम करून द्यायचा. तशा सायकलला रिकामं फिरणं माहीत नसतं. चाक फिरलं की पायडल फिरणार.

"उजवा पाय मारा, डावा आपोआप वर येते," मोतीलाल म्हणाला. "पण एक ध्यानात ठेवजा. चाक फिरते तवरक पाय फिरते. पाय थांबवाले जासान तं सायकल तुमाले फेकून देईन."

चढ हलका जावा म्हणून त्याने मागे जास्त दात्यांची चकरी बसवली. ती वेल्डिंगने जाम केली आणि वर बजावलं की या चकरीने चढ सोपा होईल, पण उतारावर पाय दुपटीने पळतील. डावा पाय पायडलवरून घसरू नये म्हणून जुन्या ट्यूबची पट्टी कापून दिली, बांधायला.

पंचावन्नाव्या वर्षी माणूस पुन्हा सायकल शिकू लागला. ज्या सायकलवर त्याने जन्म काढला, ती आता परक्यासारखी वागत होती. आधी टांग मारून बसता येत नव्हतं, कारण सायकल पुढे ढकलली की पायडल येऊन नडगीवर बसायचं. उतरता येत नव्हतं, कारण उतरण्याआधी पाय थांबायला हवे आणि पाय थांबायला सायकल थांबायला हवी. गिरड रोडवर एका मैलाच्या दगडाला धरून तो सुरुवात करायचा आणि पुढच्या दगडाला धरून थांबायचा. पहिल्या आठवड्यात नऊदा पडला. गावातली माणसं गंमत बघत, दोघाचौघांनी व्हिडिओ काढून गावाच्या ग्रुपवर टाकले. भागीरथा रोज हळद लावायची आणि रोज तेच सांगायची, राहू द्या आता, पोटापुरतं आहे आपल्याकडे. प्रश्न पोटाचा नव्हता हे तिलाही माहीत होतं.

पण सपाटीवर जमलं. उजवा पाय मारला की डावा खरोखरच वर यायचा, मेल्यासारखा का होईना, यायचा. फेब्रुवारी संपता संपता तो पहिल्या वळणापर्यंत चढला, मग दुसऱ्या. चढावर ही सायकल गुणाची होती, थकलेल्या पायालाही ती हाताला धरून पुढे न्यायची. पेच होता तो उताराचा. जन्मभर उतार म्हणजे आराम होता, घाम सुकवायचा रस्ता. आता उतारावरच खरी मेहनत होती. दोन्ही ब्रेक दाबून धरायचे, आणि तरीही पाय शिलाई मशिनसारखे फिरत राहायचे. घरी येऊन झोपला तरी पाय अंथरुणात फिरत असायचे. मी हरलो, असं त्याला रोज वाटायचं, आणि पहाटे साडेपाचला तो पुन्हा बाहेर पडायचा, कारण घरी थांबलं तर नळ वाजणार होता.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीसमोर दहा-बारा माणसं जमली. मधुकरराव होते, वैभवही होता, आणि त्याने मोटरसायकल मुद्दाम घरी ठेवली होती. प्रेमदासने पट्टी बांधली, वैभवने परत दिलेली चावी खिशात आहे ना ते चाचपलं, आणि निघाला. पहिलं वळण. दुसरं वळण. तिसऱ्या वळणावर छातीचा भाता झाला, डोळ्यांपुढे काजवे आले, पण पाय थांबला नाही, थांबूच शकत नव्हता. पंचवीस मिनिटांत तो टाकीपाशी होता.

त्याने पट्टी सोडली, लंगडत वालपाशी गेला. आधी तीन आटे फिरवले. बिडी डॉक्टरांनी बंद केली होती, म्हणून नुसताच तेवढा वेळ उभा राहिला. मग उरलेले आटे. पाचेक महिन्यांनी हाताखाली ते लोखंड थरथरलं आणि प्रेमदास रडला. वर बघायला कोणी नव्हतं, त्यामुळे पोटभर रडला. मग तोंड पुसलं, पट्टी पुन्हा बांधली, चांगली घट्ट, आणि उताराला लागला.

तिसरं वळण ब्रेक दाबून नीट उतरला. पाय फिरत होते, तो त्यांना फिरू देत होता. चेनचा खडखडाट चालला होता. मग मोहाचं झाड आलं.

मोतीलालने सांगितलेलं त्याला पाठ होतं. दोन महिने झोपेतही तो तेच घोकत होता. पण त्या दिवशी टेकडीवरून पाणी त्याने सोडलं होतं, आणि पाणी सोडलेला प्रेमदास मोहाच्या झाडाखाली काय करतो हे त्याच्या अंगाला सत्तावीस वर्षं माहीत होतं. त्याची मान पाइपाकडे वाकडी झाली. ऐकायसाठी त्याने पाय थांबवले.

पायडल थांबलं नाही. उजव्या पायाखालून ते उसळलं आणि त्याला सीटवरून उचललं. हात ब्रेकवरून सुटले. उजवा पाय निसटला, डावा बांधलेला होता, तो चाकाबरोबर फिरला. सायकल त्याला घेऊन नालीत गेली.

भान आलं तेव्हा त्याचा कान पाइपाला लागला होता. मांडीत काहीतरी भलतंच झालंय हे त्याला कळत होतं. पण आधी त्याने आवाज ऐकला. ठोके नव्हते. पाणी संथ, नीट चाललं होतं.

सहाला गावात नळ आले. ग्रामपंचायतीसमोरच्या नळाला धार लागली तशी माणसांनी टाळ्या वाजवल्या. मधुकरराव म्हणाले, जमलं बुवा प्रेमदासले. सगळ्यांत जोरात टाळ्या वैभवच्या होत्या. मग ते प्रेमदासची वाट बघत उभे राहिले. आताच येईल, सावकाश उतरत असेल, म्हणून कोणी हाललं नाही. वीस मिनिटांनी वैभव पळत निघाला.

मांडीचं हाड दोन जागी मोडलं होतं. वर्ध्याला रॉड टाकला. डॉक्टर म्हणाले, पाय बांधलेला नसता तर कदाचित खरचटण्यावर निभावलं असतं. मधुकररावांनी दवाखान्यात येऊन हात हातात घेतला आणि कामाचा विषय काढला नाही. काढायची गरजच नव्हती. चावी भागीरथाने स्वतःच वैभवच्या हातात दिली, आणि प्रेमदासला ती उशाशी सापडली नाही तेव्हा त्यानेही विचारली नाही.

घरी आणल्यावर त्याची खाट दाराशी टाकली, उजेड येतो म्हणून. पहिल्याच पहाटे तो साडेपाचला जागा झाला. बाहेर जायचं म्हणून उठू लागला आणि मग आठवलं. भागीरथा बादल्या घेऊन अंगणात उभी होती. नळात आधी हवा आली. शिट्टी वाजली, दोनदा, तीनदा, कारण वैभव सगळे आटे एकदम फिरवतो. मग नळ थुंकला, आणि धार लागली.

पाणी असं येतं तर. पंचावन्न वर्षांचा प्रेमदास ते बघत राहिला. त्याला आजी आठवली, रिकामं मडकं घेऊन बसलेली.

"बंद कर तो नळ," तो म्हणाला.

भागीरथाने वळून पाहिलं. तिचे डोळे भरून आले, पण हात बादलीवरून हलला नाही.

"घरात प्याले थेंब नाई," ती हलकेच म्हणाली. "कसा बंद करू?"

प्रेमदासने भिंतीकडे तोंड केलं. पाठीमागे एक बादली भरली, तिने ती सरकवली, आणि दुसरी लावली.