मानाच्या चटईवर रोतुआ

रोतुआने आजवर चिरलेले कांदे एका जागी रचले, तर मेदान शहराच्या बाजारातला तिचा गाळा छपरापर्यंत भरेल. हे तिचंच म्हणणं, आणि ती थापा मारणाऱ्यांतली नाही. जन्माने ती सितांगांग घराण्याची लेक. बातक लोकांत घराण्याची लेक म्हणजे घराण्यातल्या प्रत्येक कार्याला हक्काची राबती बाई. आपल्याकडे व्याह्यांत तोरा मुलाकडच्यांचा, तिकडे सगळं उलटं. ज्यांची लेक सून म्हणून घरात आली ते मानाचे. त्यांना वरची चटई, पहिलं ताट. आणि आपली लेक जिथे दिली ते सगळे, लेकीजावयासकट, मागच्या दारी चुलीपाशी. यात कुणाला काही वावगं वाटत नाही, कारण आज चुलीपाशी असलेला माणूस उद्या आपल्या बहिणीच्या सासरी वरच्या चटईवर असतोच. रोतुआचं नशीब असं, की तिच्या नवऱ्याला बहीणच नव्हती. त्यामुळे ती वरची चटई तिच्या वाट्याला आयुष्यात कधी आली नाही.

नवरा पाकपाहान घराण्यातला. बस चालवायचा, सहा वर्षांपूर्वी गेला. मुलगा लांब बाताममध्ये कारखान्यात. रोतुआ गाळ्यात शिलाई मशीन टाकून शाळेचे गणवेश लांब-आखूड करायची, तुटक्या चेनी बदलायची. शेजारच्या गाळ्यात सुलास्त्री, बटणं आणि चेनी विकणारी जावानीज बाई. एकीची चेन, दुसरीची शिवण, अशी त्यांची बावीस वर्षं गेली होती.

एकदा रोतुआ चुलतभावाच्या मुलाच्या लग्नाहून आली, ती थेट गाळ्यात येऊन बसली. हातांना लसणाचा वास.

"काय जेवलीस लग्नात?" सुलास्त्रीने विचारलं.

"उरलेलं. उभ्याने."

"आणि गरम?"

"गरम वाढायचं असतं गं. खायचं नसतं."

"मग तुम्हा वाढणाऱ्यांना कोण वाढतं?"

रोतुआने जरा विचार केला. "कुणी नाही," ती म्हणाली. सुलास्त्री बटणांच्या डब्याचं झाकण लावत म्हणाली, "गणवेशांचा हंगाम संपला की चार दिवस बेटावर जाऊ. तुझ्याच त्या सामोसिरला. तू कधी गेलीयस?"

रोतुआ कधी गेली नव्हती. तोबा सरोवराच्या मधोमध असलेलं ते बेट तिच्या बापजाद्यांचं. पण बापाचं भावाशी बिनसलं, तो सियांतारला येऊन राहिला आणि पुन्हा होडीत पाय ठेवला नाही. रोतुआ जायला तयार झाली. तिची अट एकच होती.

"तिथे माझं घराणं कुणाला सांगायचं नाही."

"का गं? खून करून पळालीयस?"

"घराणं सांगितलं की दुसऱ्या मिनिटाला नातं निघतं. आणि नातं निघालं की तिसऱ्या मिनिटाला माझ्या हातात सुरी. मला चार दिवस पाहुणी व्हायचंय. कुणीतरी वाढावं, मी बसून खावं, आणि ते गरम असावं. बास."

"मग सांग, मी पण जावानीज."

"या जबड्याला कोण जावानीज म्हणेल?" रोतुआ म्हणाली, आणि ते खरंच होतं.

प्रश्न पहिल्याच होडीत आला. खारे दाणे विकणाऱ्या म्हाताऱ्याने पुडी हातात द्यायच्या आधी विचारलं, "कुठल्या घराण्यातल्या, बाई?" रोतुआची नजर काठावरच्या एका दुकानाच्या पाटीवर गेली. "नवरा मानुरुंग होता," तिने ठोकून दिलं. म्हातारा निघाला सिनागा. त्याने बोटांवर काहीतरी मोजलं, मानुरुंगांशी आपलं थेट काही लागत नाही म्हणून हळहळला आणि दाणे देऊन निघून गेला. रोतुआला हायसं वाटलं. सुलास्त्री हसू दाबत पाण्याकडे बघत राहिली.

पहिला दिवस तिला हवा तसाच गेला. तोमोकला लाकडी बाहुल्याचा नाच पाहिला. निपुत्रिक मेलेल्या राजपुत्रासाठी म्हणे पहिला बाहुला केला होता. सुलास्त्रीने त्याच्यासोबत दोन पावलं नाचून घेतली आणि बाहुल्यापेक्षा आपले हात जास्त वळतात असं जाहीर केलं. दुपारी काठावरच्या खानावळीत लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा खाल्ला. त्यात अंदालिमान, म्हणजे थेट आपल्या तिरफळाचा भाऊ. सुलास्त्रीची जीभ बधिर झाली आणि ती एवढ्याने घाबरली की दोन पेले पाणी प्यायली. रोतुआने खानावळवालीला तीनदा भात मागितला. भूक दोनदाचीच होती. मागितला की कुणीतरी आणून देतं, हे तिला बघायचं होतं.

"मजा येतेय ना?" सुलास्त्रीने विचारलं.

"खानावळ ती खानावळच," रोतुआ म्हणाली. "पैसे दिले की कुणीही वाढतं."

दुसऱ्या दिवशी दोघी बेटाच्या पश्चिमेला गरम पाण्याचे झरे बघायला निघाल्या. वाटेत एका गावात नव्या घराची वास्तुशांत चालली होती. ढोल वाजत होते, अंगणात मांडव, आणि मागून डुकराच्या मटणाचा आणि वाटल्या मसाल्याचा वास येत होता. रोतुआचे पाय आपोआप मंदावले. वयाने वाकलेली एक आजी, तोंडात पान, फाटकापाशी खुर्ची टाकून बसली होती. सगळं गाव तिला ओपुंग म्हणत होतं, म्हणजे आजीच. नवं घर तिच्या मुलाचं, मांगिहुतचं.

"अगं ए, बघत काय उभ्या? आत या, जेवून जा. कुठल्या घराण्यातल्या तुम्ही?"

"नवरा मानुरुंग," रोतुआ म्हणाली. एव्हाना हे तिच्या तोंडात बसलं होतं.

आजीने पान थुंकलं. "अगं बाई! मी मानुरुंगांचीच लेक!" ती काठी टेकून उठली. "म्हणजे तू माझ्या भावाची बायको झालीस की! वहिनी! ए मांगिहुत, बाहेर ये रे, तुझी मामी आलीय शहरातून!"

आता उलटं बोलायला जागा नव्हती. चाळिशीतला मांगिहुत धावत आला, वाकला, "मामी, या" म्हणाला आणि रोतुआला हाताला धरून आत घेऊन गेला. मामाचं घर म्हणजे मानात सगळ्यांच्या वर. आतल्या भिंतीशी सगळ्यात नवी, सगळ्यात जाड चटई अंथरली होती, तिच्यावर रोतुआला बसवलं. सुलास्त्री डुक्कर खात नाही हे कळल्यावर तिला वेगळं जेवणाऱ्यांच्या चटईवर नेलं. तिथलं कोंबडं आणि मासा शेजारच्या मुसलमान घरातून शिजून आला होता. तिथून तिने रोतुआकडे बघून डोळा मारला.

आणि ताट आलं. हळदीत आणि अंदालिमानात आटवलेला अख्खा मासा, वाफ निघत असलेला. रक्तात शिजवलेलं डुक्कर. मानाचा वाटा वेगळ्या पानात. वाढणाऱ्या बाईने दोन्ही हातांनी ताट ठेवलं आणि "अजून लागलं तर हाक मारा, मामी" असं म्हणून गेली. रोतुआने तिच्याकडे नीट पाहिलं. उपरणं कमरेला खोचलेलं, कपाळावर घाम. गेली शेहेचाळीस वर्षं ही बाई म्हणजे ती स्वतःच होती.

तिने पहिला घास घेतला. जीभ पोळली. तिला इतकं बरं वाटलं की तिचे डोळे भरले आणि शेजारच्या बाईने "तिखट लागलं का मामी?" म्हणून पाणी पुढे केलं.

अर्धं ताट झालं होतं, तेव्हा ढोल थांबले. ओपुंग आली. तिच्या हातात तांदळांनी भरलेली परडी होती आणि मागे एक सडपातळ बाई, नव्या उपरण्यात अंग चोरून. मांगिहुतची बायको लास्मा.

"वहिनी," ओपुंग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नऊ वर्षं झाली, हिची कूस रिकामी. माझे भाऊ सगळे गेले. मानुरुंगांकडून आशीर्वाद द्यायला इथे कुणी उरलं नव्हतं. घर बांधलं, पण माझ्या मनात तेच होतं. आज देवाने तुला पाठवलं. ठेव हिच्या डोक्यावर अक्षता."

लास्मा गुडघ्यांवर बसली आणि तिने मान खाली घातली. घरातले पन्नासएक लोक माना वळवून बघायला लागले. मामाच्या घरच्या अक्षतांशिवाय मूल होत नाही असं नव्हे, पण त्या पडल्या की होतं, असं तिथे सगळेच मानतात. रोतुआही मानत होती. तिचा स्वतःचा मुलगाही अशाच अक्षतांनंतर झाला होता.

तिने परडीत हात घातला आणि मूठ भरली. मूठ लास्माच्या डोक्यावर नेली. केसांत लास्माने सुगंधी तेल लावलं होतं. भांग सरळ, फार काळजीने पाडलेला. आज सकाळी तिने हा भांग कितीदा मोडून पाडला असेल, असं रोतुआच्या मनात आलं. सुलास्त्रीने तिकडे घास तसाच धरून ठेवला होता. पुढच्या वर्षीही लास्माची कूस रिकामी राहिली, तर ती मानेल की मामाच्या घरानेही हात टेकले. त्यानंतर ती मागायला कुणाकडे जाईल?

रोतुआने मूठ परत परडीत मोकळी केली.

"ओपुंग, मी मानुरुंगांची कुणी नाही," ती म्हणाली. आवाज तिला वाटलं त्यापेक्षा मोठा निघाला. "मी खोटं बोलले. नवरा पाकपाहान. आणि मी सितांगांगांची लेक."

कुणीतरी म्हणालं, "आँ?" ओपुंगने परडी खाली ठेवली. सितांगांग म्हणजे तिचं सासर. हे घरच सितांगांगांचं होतं.

"मूळपुरुषापासून कितवी पिढी?" ओपुंगने विचारलं.

"सोळावी."

"माझा नवरा पंधरावी." ओपुंगने हिशेब लावला, आणि तो लागल्याबरोबर तिचा चेहरा लाल झाला. "म्हणजे तू माझी लेक! मांगिहुतची बहीण! अगं सटवे, घरची लेक असून मानाच्या चटईवर बसलीस? मामी म्हणवून घेतलंस? आणि कशासाठी?"

"गरम जेवायला," रोतुआ म्हणाली.

आधी मांगिहुत हसला, मग पुरुषांची अख्खी रांग. "मामीची बहीण झाली रे!" कुणीतरी ओरडलं. ओपुंग हसली नाही. लास्मा अजून गुडघ्यांवरच होती. तिने मान वर करून रोतुआकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, पण रोतुआला ती सहन झाली नाही.

"ऊठ," ओपुंग म्हणाली. "मागचं दार माहितीय ना कुठे असतं?"

मागचं दार कुठे असतं हे रोतुआला कुणी सांगायची गरज नव्हती. ती अर्धं ताट तिथेच ठेवून उठली आणि चुलीपाशी गेली. तिथे सहा-सात बायका होत्या, सगळ्या सितांगांगांच्या लेकी. बातमी तिच्या आधीच पोचली होती. एकीने सुरी पुढे केली. रोतुआने कांदे ओढून घेतले. थोड्या वेळाने लास्मा भाताची रिकामी पातेली घेऊन आली. पातेली ठेवून ती जाईना.

"नणंदबाई, अक्षता ठेवून मोकळ्या झाला असतात," ती हळूच म्हणाली. "मला कधी कळलंही नसतं."

"मला कळलं असतं," रोतुआ म्हणाली. "मेदानमध्ये मानुरुंग पुष्कळ आहेत. मी खरा मामा शोधून पाठवते. आशीर्वादाचा मासा घेऊन येईल, उपरणं घेऊन येईल. लेकीचं तेवढं काम असतंच."

लास्माने उपरण्याच्या टोकाने नाक पुसलं. "मुलगी झाली तर तुमच्यासारखीच कांदे चिरेल," ती म्हणाली आणि आत गेली.

ढोल पुन्हा सुरू झाले. तेवढ्यात मागच्या दारातून सुलास्त्री आली. हातात ताट, त्यात तिच्या चटईवरचा मासा, भात आणि वर वाफ. तिने पायाने एक पाट ओढला.

"बस."

"वेडी आहेस का? मी वाढणाऱ्यांतली आहे. इथे आम्हाला कुणी—"

"तुमच्यात लेक देणारे असतात, लेक नेणारे असतात, घरचे असतात," सुलास्त्री म्हणाली. "मी कुठल्याच घरातली नाही. मला कोण अडवणार? बस म्हटलं ना."

रोतुआ बसली. सुलास्त्रीने ताट तिच्या मांडीवर ठेवलं, पाण्याचा पेला भरला आणि समोर उकिडवी बसली. चुलीपाशीच्या बायका हात थांबवून बघायला लागल्या. रोतुआने माशाचा तुकडा मोडला आणि तो इतका गरम निघाला की तिने बोटं झटकली.

आतून ओपुंगचा आवाज आला. "अगं ए सितांगांगांच्या लेकी! भात संपला! कुठे मेलीस?"

रोतुआ सवयीने अर्धी उठली. सुलास्त्रीने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं आणि बाजारात बावीस वर्षांत शिकलेल्या मोडक्यातोडक्या बातकमध्ये दाराकडे तोंड करून ओरडली,

"ती जेवतेय!"