आण्णांची एक जानेवारी

परंड्यात एस.टी. स्टँडवरून किल्ल्याकडे निघालात की डाव्या हाताला बलभीम आण्णांचं रेडियमचं दुकान लागतं. गाड्यांच्या नंबरप्लेटा, ट्रॅक्टरवरची पोरांची नावं, जीपच्या काचेवरचे देव, असलं सगळं आण्णा चमकत्या चिकट कागदातून मशीनवर कापून देतात. पूर्वी ते पेंटर होते. रेडियम आलं तेव्हा बाकीच्या पेंटरांनी त्याला नावं ठेवली आणि आण्णांनी सोलापूरला जाऊन कॉम्प्युटर, कटिंग मशीन, सॉफ्टवेअर सगळं एकदम आणलं. बाजारपेठेतला पहिला कॉम्प्युटर त्यांचा. ही गोष्ट ते अजून सांगतात, आणि ऐकणारा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा असेल तर जरा जास्तच सांगतात. तो ऐकणारा मी. माझं दुकान त्यांना लागूनच आहे.

आण्णांचं नाव झालं ते त्यांच्या नाथामुळं. सोनारीचा काळभैरवनाथ त्यांनी माउस धरून स्क्रीनवर काढला. जन्मभर ब्रश धरलेला हात, त्यात माउस म्हणजे ओल्या साबणाच्या वडीनं चित्र काढण्यातला प्रकार. मिशीचं डावं टोक उजव्यापेक्षा वर गेलं. आण्णांनी ते तसंच ठेवलं. नाथ हसतोय, म्हणाले. आता सोनारीच्या बाजूच्या बहुतेक जीपांवर हाच हसरा नाथ आहे. दुसऱ्या दुकानदारांनी नक्कल केली, पण शहाणपणा करून मिशी सरळ केली, म्हणून नक्कल लांबूनच ओळखू येते.

आण्णांची सकाळ ठरलेली. शटर वर, झाडलोट, उदबत्ती आणि मग कॉम्प्युटरची तारीख मागं. एक जानेवारी दोन हजार अकरा. घेतल्यावर थोड्याच महिन्यांत सॉफ्टवेअर एकदा बंद पडलं होतं, तेव्हा सोलापूरच्या विकणाऱ्यानं हा उपाय फोनवर शिकवलेला. आण्णांची समजूत अशी, की कॉम्प्युटर ही चीजच तशी असते. विहिरीवरच्या मोटरीत आधी पाणी भरावं लागतं, तशी याची तारीख आधी मागं घ्यावी लागते. मी दुकान टाकलं त्या दिवशी त्यांनी मला पेढा दिला आणि सल्लाही दिला, की आधी तारीख, मग बाकीचं. मी व्हय म्हणालो. वडीलधाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी काय दुरुस्त करायचं. तर असा हा कॉम्प्युटर, ज्यानं तेव्हापासून कधी संक्रांत बघितली नाही. त्याला रोज नवीन वर्ष, आणि त्यानंतरची प्रत्येक फाइल एकाच दिवशी जन्मलेली.

यंदा चैत्रातली सोनारीची यात्रा तोंडावर आली आणि भर दुपारी लाइटीनं झटका दिला. आण्णांचा कॉम्प्युटर कायमचा गेला. डिस्क तेवढी वाचली. सोनारीच्या जीपवाल्यांनी, म्हणजे बालाजी आणि त्याच्या सगळ्या जोडीदारांनी, यात्रेआधी नवा नाथ सांगून ठेवलेला. आण्णांना कामं जाण्याची भीती नव्हती. यंदा जीपांवर सरळ मिशीचा नाथ बसेल, ही धास्ती होती.

मी नवा कॉम्प्युटर बसवला, नवीन विंडोजचा. त्यावर जुनं सॉफ्टवेअर टाकलं, तर ते उघडेचना. चूक दाखवत नाही, आवाज करत नाही, नुसतं गप्प. मग त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याला जुन्या विंडोजवरच चाललोय असं भासवलं. तेव्हा ते उठलं आणि एक चौकट दाखवून पुन्हा झोपलं. चौकटीत इंग्रजीत लिहिलं होतं, की ही नमुना प्रत असून मार्च दोन हजार अकरापर्यंतच चालेल.

आण्णांनी विचारलं, तारीख मागं घेतली का?

मला सांगणं भाग पडलं. कॉम्प्युटरला तारखेचं काही नसतं. सोलापूरच्या त्या माणसानं सॉफ्टवेअर म्हणून चार महिन्यांचा नमुना गळ्यात मारला होता, आणि मुदत संपल्यावर घड्याळाला फसवायची युक्ती तेवढी शिकवली होती. आण्णांनी चौकटीवर बोट ठेवलं.

"म्हंजे इतकी वर्षं म्या नमुना चालवला?"

आण्णांच्या पत्नी वनमालाकाकू चहा घेऊन आल्या होत्या. "मी बी तेच करतीय की," म्हणाल्या आणि कप ठेवून गेल्या.

आण्णा हसले नाहीत. मशीनवरची धूळ पुसत म्हणाले, "सॉफ्टवेअर खोटं निघालं तर निघू दे. नाथ म्या काढलाय. तेवढा भाईर काढ."

नव्या कॉम्प्युटरची अडचण अशी, की तो इंटरनेटवरून स्वतःच खरी तारीख आणतो. मी नेट तोडलं, तारीख मागं घेतली. सॉफ्टवेअर उघडलं. नाथ आला, मिशीसकट. पण कापायला सांगितलं तर मशीन जागचं हलेना. नव्या कॉम्प्युटरला जुन्या मशीनची वायर लागत नाही, म्हणून मधे एक जोडवायर घातली होती, आणि विंडोजनं तिला सात नंबरचं दार, म्हणजे पोर्ट, दिलं होतं. सॉफ्टवेअर इतकं जुनं, की त्याला चारच दारं माहीत. वायरीला तीन नंबर दिला तेव्हा मशीन खर्र करून चालू झालं. आण्णांनी हात जोडले, मशीनला की नाथाला, ते त्यांनाच ठाऊक.

मी माझ्या दुकानात आलो आणि तेवढ्यात बालाजी तिथं टपकला. त्याला जीपवर पोरीचं नावही टाकायचं होतं, अक्षराचा नमुना मोबाइलवर होता. तो कॉम्प्युटरवर घ्यायला आण्णांनी बालाजीच्याच मोबाइलचं नेट जोडलं. घड्याळानं लगेच खरी तारीख आणली, सॉफ्टवेअरला आपली मुदत आठवली आणि नाथ कापता कापता ते मिटलं. डोळे, कपाळ, मुकुट कापून झालेलं, मिशी राहिलेली.

"आण्णा, ह्यो कुणाचा देव?" बालाजीनं कागद उचलून विचारलं. "आमचा न्हाय वाटत."

आण्णांनी तो कागद त्याच्या हातातून घेतला, घडी घातली आणि खिशात ठेवला. मग मला हाक मारली. आवाज बारीक झाला होता.

घड्याळाच्या भरवशावर यात्रा काढता येणार नव्हती. घड्याळाची आपोआप वेळ लावायची सोय कुठं बंद होते ते मी आण्णांना दाखवलं, तारीख पुन्हा मागं घेतली आणि सॉफ्टवेअर एकदाच उघडलं. यावेळी ते कापणं मशीनकडं पाठवण्याऐवजी फाइलमध्ये उतरवलं. तशी फाइल आजचं कुठलंही फुकटचं सॉफ्टवेअर वाचतं. मग तारीख खरी केली आणि नव्या सॉफ्टवेअरमधून नाथ कापला. आण्णांचा विश्वास बसेना. त्यांनी जुन्या कामातला उरलेला एक नाथ शोधून काढला, दोन्ही एकावर एक ठेवून काचेला लावले आणि उजेडात धरले. डावं टोक बरोबर डाव्या टोकावर बसलं होतं.

"हसतोय," आण्णा म्हणाले.

यात्रेला सगळ्या जीपा हसऱ्या नाथाच्या गेल्या. बालाजीनं दोन लावले, एक पुढं, एक मागं.

यात्रा झाल्यावर आण्णांचा फोन आला, नेट चालत नाही. जाऊन बघतो तर कोपऱ्यात एक जानेवारी दोन हजार अकरा. तारीख इतकी जुनी म्हटल्यावर कुठलीही वेबसाइट कशाला दारात उभं करते? आता गरज नाही, मी पुन्हा सांगितलं. आण्णांनी ऐकून घेतलं.

"एवढी वर्षं मागं घेतली म्हणून तर चाललं न्हवं? आता उगं कशाला त्याला चिडवायचं?"

दुसऱ्या दिवशी नेट बंद, तिसऱ्या दिवशीही. शेवटी मी घड्याळाच्या सेटिंगला कुलूप घातलं आणि एक छोटा प्रोग्राम लिहून स्क्रीनच्या मधोमध ठेवला. नाव दिलं 'तारीख'. उघडला की चौकट येते, तीत तारीख लिहायची, बटण दाबायचं. 'तारीख मागे घेतली' असं तो म्हणतो आणि काहीही करत नाही.

आता आण्णा रोज शटर उघडतात, झाडतात, उदबत्ती लावतात, चौकटीत एक जानेवारी लिहून बटण दाबतात. मग चष्मा वर करून स्क्रीनच्या कोपऱ्यात बघतात. तिथं आजचीच तारीख असते. ते चष्मा खाली घेतात आणि कामाला लागतात. मला त्यांनी याबद्दल अजून एकदाही विचारलेलं नाही.